विज्ञान कादंबऱ्यांचा संग्रह : कशासाठी, कसा आणि कुणासाठी?

मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी बत्तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. ते खरं आहे. पण त्यात एक गोष्ट राहिली, ती मीच सांगून टाकते. या बत्तीस वर्षांत मी दरवर्षी, न चुकता, अपरिग्रह शिकवला. पतंजलींच्या पाच यमांतला शेवटचा यम, जैनांच्या पाच व्रतांतलं एक व्रत. गरजेपेक्षा जास्त साठवू नये. फळ्यावर लिहून द्यायचे, परीक्षेत प्रश्न काढायचे. आणि याच बत्तीस वर्षांत मी घरात दोन हजारांहून जास्त विज्ञान कादंबऱ्या जमवल्या.

एकदा एक विद्यार्थिनी प्रबंधाचं काम घेऊन घरी आली. पुढच्या खोलीत भिंतभर पुस्तकं, आतल्या खोलीत भिंतभर पुस्तकं, पलंगाखाली खोकी. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, मग अपरिग्रहाचं काय?" मी हसून वेळ मारून नेली. चहा केला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

तीन भागांत बोलते. आपण नेमकं काय जमवतो, हा पहिला. कुठून आणि कसं जमवायचं, हा दुसरा. आणि शेवटी त्याचं करायचं काय, हा तिसरा. तिसऱ्या प्रश्नावर मला या वर्षी निर्णय घ्यावा लागलाय, म्हणून तर हा विषय निवडला.

भविष्य जुनं होतं तेव्हा

मी मूळची कल्याणची. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. आमच्या घरी वडिलांच्या नावावर सभासदत्व होतं आणि पुस्तक बदलायला मला पाठवत. तिथे मला भा. रा. भागवत भेटले. म्हणजे त्यांची पुस्तकं भेटली. पुष्कळ जणांना भागवत म्हटलं की फास्टर फेणे आठवतो. मला ज्यूल व्हर्न आठवतो, कारण व्हर्न मराठीत आणला तो भागवतांनी. 'चंद्रावर स्वारी' मी किती वेळा आणलं त्याचा हिशेब नाही. शेवटी ग्रंथपाल म्हणाले, "अगं, आता दुसऱ्या कुणाला जाऊ दे चंद्रावर!"

मग १९६९ चा जुलै आला. मी अठरा वर्षांची. मुंबईत टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती, त्यामुळे माणूस चंद्रावर उतरला हे आम्ही रेडिओवर ऐकलं. सगळी चाळ एका रेडिओभोवती. आणि माझ्या मनात काय यावं? की हे मला माहीत आहे. व्हर्नने १८६५ मध्ये तीन माणसं फ्लोरिडातून उडवली होती, अपोलोतही तीनच माणसं होती आणि तेही फ्लोरिडातूनच उडालं. फरक एवढाच की व्हर्नने त्यांना तोफेतून उडवलं होतं, आणि तसं खरंच केलं असतं तर त्या धक्क्याने तिघांचाही चेंदामेंदा झाला असता.

आता इथे थोडं तत्त्वज्ञान येऊ द्या, थोडंच. मॅकटॅगार्ट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९०८ मध्ये काळावर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा की प्रत्येक घटना आधी भविष्य असते, मग वर्तमान होते, मग भूतकाळ होते. एकाच घटनेला ही तिन्ही विशेषणं लावावी लागतात आणि ती तर एकमेकांना छेदणारी आहेत. त्यावरून तो थेट काळ खरा नाही असं म्हणाला. ते आपण सोडून देऊ. पण त्याचं वर्णन विज्ञान कादंबरीला किती चपखल बसतं बघा. ऑर्वेलने १९४९ मध्ये '१९८४' छापलं तेव्हा ते वर्ष भविष्य होतं. मी ते पुस्तक विकत घेतलं तेव्हा ते वर्ष चालू होतं. आज माझ्या नातवाला ते वर्ष इतिहासाच्या पुस्तकातलं वाटतं. पुस्तक तेच आहे, त्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही. आपण त्याच्याजवळून पुढे निघून गेलो.

इतर कादंबऱ्यांचं असं होत नाही. विज्ञान कादंबरी जुनी झाली की ती एक वेगळीच वस्तू होते. ती चुकलेल्या आणि बरोबर आलेल्या अंदाजांची नोंद होते. एडवर्ड बेलामीने १८८८ मध्ये २००० सालावर कादंबरी लिहिली, तिच्यात माणसं खरेदीला क्रेडिट कार्ड वापरतात. शब्दसुद्धा तोच. आणि असिमॉव्हचं 'फाउंडेशन' घ्या, १९५१ चं पुस्तक. लाखो ग्रहांवर पसरलेलं साम्राज्य आहे, गणिताने इतिहासाचं भाकीत करता येतं. पण त्या पहिल्या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. बारा हजार वर्षं टिकलेलं साम्राज्य त्याला सुचलं, पण त्यात सभेत बोलणारी बाई काही त्याला सुचली नाही. याउलट रुकैया सखावत हुसेन या बंगाली बाईंनी १९०५ मध्ये, मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात, 'सुलतानाज ड्रीम' लिहिली. तिच्यात राज्य बायका चालवतात, पुरुष घरात बसतात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो आणि प्रवास हवेतून होतो. मला सांगा, पुढचं कुणाला जास्त दिसलं होतं?

तर पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. विज्ञान कादंबऱ्या जमवणारा माणूस भविष्य जमवत नाही. वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी भविष्याकडे कसं बघितलं, त्यांना कशाची भीती वाटली, कशाची आशा वाटली आणि काय त्यांच्या डोक्यातच आलं नाही, हे तो जमवतो. म्हणून जुनं झालेलं, चुकलेलं पुस्तक टाकायचं नसतं. उलट तेच ठेवायचं.

कुठे मिळतं

आता व्यवहाराकडे येऊ. इथे जमलेल्यांत बरेच जण नुकते वाचायला लागलेले दिसतात, म्हणून सविस्तर सांगते.

माझी नोकरी मुंबईत. राहणं लग्नानंतर डोंबिवलीत. म्हणजे रोज व्हीटीपर्यंतची लोकल. कल्याणहून आलेली गाडी डोंबिवलीला भरूनच येते, चौथी सीट मिळाली तरी नशीब. अशा गाडीत जाडजूड पुस्तक उघडता येत नाही. इंग्रजी विज्ञान कादंबऱ्यांच्या त्या छोट्या पेपरबॅक, पॅन, पँथर, स्फिअर, पेंग्विनच्या, एका हातात धरून उभ्याने वाचता यायच्या आणि पर्समध्ये मावायच्या. माझा संग्रह वाढला त्याचं निम्मं श्रेय मध्य रेल्वेच्या गर्दीला आहे.

आणि त्या मिळायच्या कुठे? संध्याकाळी कॉलेज सुटलं की फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ. तिथल्या विक्रेत्यांना कुठलं पुस्तक कुणाला लागतं हे पाठ असायचं. मला मात्र पहिली दोन वर्षं एकच प्रश्न, "मुलासाठी घेताय का बाई?" मुखपृष्ठावर अंतराळयान म्हणजे ते मुलासाठीच असणार! तेव्हा मला मूलही नव्हतं. 'फाउंडेशन' मी तिथेच अडीच रुपयांना घेतलं. क्लार्कचं 'रॉन्देव्हू विथ रामा', हर्बर्टचं 'ड्यून', ल गुइनचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', सगळी त्याच फुटपाथवरची. २००५ मध्ये तिथले बहुतेक ठेले उठले. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ अजून काही विक्रेते बसतात. स्ट्रँड बुक स्टॉल होतं, तेही २०१८ मध्ये बंद झालं.

सोव्हिएत पुस्तकं फोर्टात पीपल्स बुक हाऊसमध्ये मिळायची. मीर प्रकाशनाचे विज्ञानकथांचे इंग्रजी संग्रह, कागद उत्तम, बांधणी पक्की आणि किंमत इतकी कमी की घरी सांगायला संकोच वाटायचा नाही. अमेरिकन लेखकांच्या अंतराळात युद्धं चालायची आणि रशियन लेखकांच्या अंतराळात बैठका चालायच्या, असं मी गमतीने म्हणायचे. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे कळत नाही. संग्रहाचा फायदा हाच. दोन पुस्तकं एका फळीवर आली की एकमेकांशी बोलायला लागतात.

मराठी पुस्तकांसाठी दादरला आयडियल होतंच. पण खरी खाण म्हणजे रद्दीची दुकानं. आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुने वाडे, चाळी पडून इमारती उभ्या राहिल्या. घर रिकामं करताना सगळ्यात आधी काय जातं? वर्तमानपत्रं, मासिकं आणि आजोबांची पुस्तकं. ती रद्दीत येतात, तिथे वजनावर जातात. म्हणून आपल्या गल्लीतल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. त्याला एकदाच सांगून ठेवा की जुने दिवाळी अंक आणि मुखपृष्ठावर रॉकेट, ग्रह, यंत्रमानव असलेलं काहीही आलं तर बाजूला ठेव. किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या. तो विसरत नाही.

या बाबतीत मी ज्यांना गुरू मानते ते पुण्याचे निरंजन घाटे. स्वतः विज्ञानकथाकार, आणि फुटपाथवरून, रद्दीतून पुस्तकं जमवणारे वाचक. 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं. आपल्यासारखंच कुणीतरी आहे, हा फार मोठा दिलासा असतो.

घेताना काय बघायचं

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठावर भाळू नका. आधी आतल्या पानावर प्रकाशनाची माहिती असते ती वाचा. प्रथमावृत्ती आहे, दुसरी आवृत्ती आहे की पुनर्मुद्रण? पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुन्हा छापलेलं. आवृत्ती म्हणजे लेखकाने कदाचित काही बदललेलं. विज्ञान कादंबरीत हा फरक महत्त्वाचा, कारण विज्ञान पुढे गेलं की काही लेखक पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतात. मला दुरुस्त केलेलं पुस्तकही हवं असतं आणि चूक असलेलंही.

अनुवाद असेल तर 'अनुवाद', 'रूपांतर', 'संक्षिप्त' यांतला कोणता शब्द छापलाय ते बघा. मग पुस्तक उभं धरून पानं सरकवत जा. रद्दीतल्या पुस्तकातून मधली सोळा पानं गायब असणं ही नेहमीची गोष्ट. एका कादंबरीत माझा नायक मंगळाकडे निघाला आणि पुढच्याच पानावर तो नाशिकला बहिणीच्या लग्नात होता!

वाळवीने खाल्लेलं पुस्तक कितीही मोह झाला तरी घरात आणू नका. एक पुस्तक अख्खं कपाट खातं. कसर लागलेलं असेल तर निदान आठवडाभर वेगळं ठेवा. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, आपल्याकडच्या भिंती पावसाळ्यात घाम फोडतात. आणि पुस्तकं फळीवर इतकी घट्ट बसवू नका की काढताना कणाच निघून यावा.

आणखी एक. वाचनालयं पुस्तक टिकावं म्हणून पक्की बांधणी करतात. त्यात मूळ मुखपृष्ठ आणि शेवटची जाहिरातींची पानं जातात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्या काळी रॉकेट कसं काढायचे, मागच्या पानावर कुठल्या पुस्तकांची जाहिरात होती, किंमत किती होती, हे सगळं त्या कागदांवर असतं. मूळ वेष्टनातलं पुस्तक मिळालं तर थोडं फाटकं असलं तरी घ्या.

शेवटची सूचना, वही ठेवा. पुस्तकाचं नाव, लेखक, कुठे घेतलं, कधी, कितीला. माझ्या अशा तीन वह्या आहेत. साठा आणि संग्रह यांत फरक विचाराल तर मी म्हणेन, वही. साठ्यात वस्तू नुसत्या असतात. संग्रहात प्रत्येक वस्तू तिथे का आहे याचं कारण सांगता येतं.

मराठीतली फळी

माझ्या घरी खोली वेगळी नाही, पण एक फळी वेगळी आहे. मराठी विज्ञानकथांची. ती कशी लावली आहे ते सांगते, म्हणजे आपल्याकडची वाटचाल ध्यानात येईल.

सुरुवात होते ती पुस्तकाने नाही, एका झेरॉक्सने. 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० च्या सुमारास व्हर्नच्याच कादंबरीचं भाषांतर 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येत होतं. मराठी विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळ अभ्यासक तिथे धरतात. म्हणजे आपली सुरुवातसुद्धा चंद्रापासून. त्यानंतर भागवत. मग नारायण धारप. धारपांना लोक भयकथांसाठी ओळखतात, पण 'नेनचिम' वाचा. मग अंतरकरांचं 'नवल', आणि 'धनंजय'सारखे दिवाळी अंक. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि त्या प्रथेने आपल्या विज्ञानकथेला पुढे फार मोठा आधार दिला. कितीतरी कथा त्या अंकांतच राहिल्या, पुस्तकात आल्याच नाहीत. हे विसरू नका, याच्याकडे मी परत येणार आहे.

मग १९७४. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. अहमदाबादला एका परिसंवादात एक शास्त्रज्ञ कंटाळवाणं भाषण ऐकत बसले होते. त्यांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला घेतली. इथे कुणी लिहीत असेल तर माझी हरकत नाही! ती गोष्ट 'कृष्णविवर'. नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून, मंगलाताईंकडून, ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. ते जयंत नारळीकर होते हे नंतर कळलं. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या कादंबऱ्या.

माझ्या फळीवर नारळीकरांच्या शेजारी एकच इंग्रजी पुस्तक आहे, फ्रेड हॉयलचं १९५७ चं 'द ब्लॅक क्लाउड'. हॉयल हे केंब्रिजमध्ये नारळीकरांचे मार्गदर्शक. गुरूने विश्वाचं गणित मांडता मांडता कादंबरी लिहिली, शिष्याने तेच मराठीत केलं. ही दोन पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांत असती तर हे नातं डोळ्यांना दिसलं नसतं.

पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे. लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांची 'देवांसि जिवें मारिले' मी चार वेळा घेतली, कारण तीन वेळा उसनी दिली. उसनं दिलेलं पुस्तक परत येत नाही हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं. मीच शिकले नाही.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्या रात्री मी 'वामन परत न आला' पुन्हा काढलं. माणसाने घडवलेलं बुद्धिमान यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाण्याची भीती त्यात आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा गंमत म्हणून वाचलं होतं. आता माझा नातू गृहपाठ यंत्राला विचारून करतो. ते पुस्तक माझ्या हातात असताना भविष्यातून वर्तमानात आलं.

जुलैचं पाणी

आता जे सांगायचं होतं त्याकडे येते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण उल्हास नदीने आपल्याकडे काय केलं ते कल्याण-बदलापूरच्या लोकांना विचारा. डोंबिवलीच्या घरात जागा उरली नव्हती म्हणून मी दोनशेच्या वर पुस्तकं कल्याणला माहेरी ठेवली होती. तळमजल्यावर, लाकडी कपाटात. पाणी कमरेएवढं चढलं आणि रात्रभर राहिलं.

तिसऱ्या दिवशी मी पोचले. मी काय केलं असेल? गच्चीवर नेऊन सगळी पुस्तकं उन्हात पसरली. जेव्हा केव्हा ऊन पडेल तेव्हा. ही चूक तुम्ही करू नका. उन्हाने पानं पापडासारखी वाकली, एकमेकांना चिकटली, मग बुरशी आली. भिजलेलं पुस्तक सावलीत, पंख्याखाली वाळवायचं. उभं करून, पानं थोडी उघडी ठेवून, मधूनमधून कोरे टिपकागद घालून, ते भिजले की बदलून. आणि एकदम सगळ्यांकडे बघणं जमणार नसेल तर पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायची. बुरशी थांबते, मग सवडीने एकेक काढता येतं. हे मला नंतर कळलं.

दीडशे पुस्तकं गेली. वहीत प्रत्येकीवर रेघ मारताना मला जे समजलं ते आजच्या व्याख्यानाचं सार आहे. असिमॉव्ह गेला होता, क्लार्क गेला होता. वाईट वाटलं. पण महिनाभरात दोन्ही परत मिळाले. जगात त्यांच्या लाखो प्रती आहेत. पण त्यांच्याखाली 'नवल'चे काही अंक होते आणि सात-आठ बारक्या मराठी कादंबऱ्या होत्या, स्वस्त कागदावरच्या, कुणी समीक्षा न केलेल्या. त्या मला आजतागायत परत मिळालेल्या नाहीत. वीस वर्षं शोधतेय. मी जमवत होते असिमॉव्ह, आणि जपायला हवं होतं ते खालच्या फळीवर ठेवलं होतं. पाण्यात आधी खालची फळी जाते.

विश्वस्त

आता त्या मुलीचं उत्तर. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३१ मध्ये स्वतःच्या पुस्तकांची खोकी उघडताना एक निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं की संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूची मालकी हे तिच्याशी असलेलं सर्वांत जवळचं नातं. मला ते वर्षानुवर्षं पटत होतं. पुरानंतर पटेनासं झालं. कारण मालक असणं म्हणजे गमावण्याचाही अधिकार असणं. माझ्याच दुर्लक्षाने गेलेल्या त्या सात-आठ कादंबऱ्या माझ्या एकटीच्या होत्या असं मला म्हणता येईना. कुठल्यातरी मराठी माणसाने साठच्या दशकात, कदाचित अशाच एखाद्या चाळीत बसून, एकविसावं शतक कसं असेल याची कल्पना केली होती. ती कल्पना माझ्या कपाटात होती आणि बहुधा फारच थोड्या ठिकाणी उरली होती.

इथे मला पतंजलींपेक्षा गांधीजी जास्त उपयोगी पडले. त्यांचा विश्वस्ताचा विचार. वस्तू तुझ्याकडे असेल, पण तुझी म्हणून नाही, ठेव म्हणून. अपरिग्रहाचा अर्थ घर रिकामं ठेवणं एवढाच नसावा. आपल्याकडे जे आहे त्याचा पुढचा धनी कोण, हे ठरवून ठेवणं हाही त्याचा अर्थ असेल.

बाहेर याची दोन्ही उदाहरणं आहेत. अमेरिकेत जे. लॉइड ईटन नावाच्या डॉक्टरांनी विज्ञान कादंबऱ्या जमवल्या. त्यांची सुमारे साडेसात हजार पुस्तकं १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेने घेतली आणि त्यातून आज अभ्यासकांसाठी मोठं दालन उभं आहे. दुसरीकडे फॉरेस्ट अॅकरमन. त्यांचा संग्रह कैक पटींनी मोठा, घरच संग्रहालय केलेलं. पण तो हळूहळू विकला गेला आणि २००८ मध्ये ते गेल्यावर उरलेला लिलावात पांगला. दोघांचंही प्रेम सारखंच होतं. एकाच्या पुस्तकांना घर मिळालं.

म्हणून मी या वर्षी ठरवलं. इंग्रजी पेपरबॅक, ज्या कुठेही मिळतात, त्या देऊन टाकायच्या. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदानाचा फार चांगला उपक्रम सुरू केला, आपलं वाचलेलं द्यायचं आणि दुसऱ्याचं न्यायचं. मी खोकी घेऊन जाते. अट एकच, येताना रिकाम्या हाताने यायचं. गेल्या वेळी मोडली, पण एकाच पुस्तकाने.

मराठी फळी मात्र एकत्र राहिली पाहिजे. आपल्या जिल्ह्याची परंपरा या बाबतीत लहान नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भाव्यांसारख्या माणसांनी मराठी पुस्तक कुठेतरी जपलं जावं याच हेतूने उभं केलं. पण वाचनालयाला द्यायचं तर नीट द्या. नुसती खोकी नेऊन ओतू नका. मी एकदा तसं केलं होतं, एका संस्थेत. पुढे ती पुस्तकं 'वाचक मागणी नाही' म्हणून बाद झाली. चूक त्यांची कमी, माझी जास्त. मी यादी दिली नव्हती. ही का महत्त्वाची, हे कुणी सांगितलंच नाही तर कुणाला कळणार? आता मी यादी करतेय. प्रत्येक पुस्तकापुढे दोन ओळी, हे काय आहे आणि ते का ठेवायचं. तीनशे बारा पुस्तकं आणि एकशे चाळीस अंक. निम्मी यादी झाली आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, त्यामुळे थोडी घाई आहे.

या पुस्तकांतलं भविष्य, त्यातलं थोडं मी पाहिलं. बाकीचं तुम्ही पाहाल. तेव्हा ही पुस्तकं तुमच्या हाताशी असावीत, एवढंच.

श्रोत्यांचे प्रश्न

*आता सगळं ई-बुकमध्ये मिळतं. मग कागदी पुस्तकं कशाला जमवायची?*

जे ई-बुकमध्ये मिळतं ते खुशाल तिथे वाचा, मीही वाचते. डोळ्यांना अक्षर मोठं करता येतं. पण 'सगळं' मिळतं हे खरं नाही. जुनी मराठी मासिकं, बारक्या कादंबऱ्या फारशा आलेल्या नाहीत. आणि स्कॅन करून टाका असं लगेच म्हणू नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ज्यांचा हक्क संपला ते आधी स्कॅन करा, बाकीच्यांचा कागद सांभाळा.

*नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी?*

'यक्षांची देणगी'ने. कथा आहेत, त्यामुळे झेपतात. मग 'वामन परत न आला', 'देवांसि जिवें मारिले' आणि 'नेनचिम'. इंग्रजी वाचत असाल तर ल गुइनचं 'द डिस्पझेस्ड'. आणि एक पुस्तक असं घ्या की ज्याचं नाव मीसुद्धा घेतलेलं नाही. ते तुमचं तुम्ही शोधा.

*घरच्यांचं यावर काय म्हणणं आहे?*

ते मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांनाच विचारा. लग्नानंतर त्यांनी एकच कपाट करून दिलं होतं आणि म्हणाले होते, हे भरलं की थांबायचं. ते कपाट १९८१ मध्ये भरलं.